सहचरीची पत्रे : गेलेल्या माणसाची खरी स्मृती
(व्याख्यानाचा सारांश)



प्रवरेच्या काठी वसलेले संगमनेर हे जुन्या बाजारपेठेचे गाव. व्यापारी घरात जमाखर्चाच्या चोपड्या पिढ्यान्पिढ्या जपल्या जातात. देण्याघेण्याचा कागद फाडावयाचा नाही, हा येथील संस्कार. मात्र घरातील माणूस गेल्यावर मागे राहिलेली त्याची पत्रे आणि वह्या रद्दीत जातात व भिंतीवर उरते ती हार घातलेली तसबीर. तसबीर बोलत नाही, अक्षर बोलते. याची साक्ष संगमनेरच्याच एका घराण्याशी जोडलेली आहे.

गोपाळराव जोशी हे मूळचे संगमनेरचे. ते टपाल खात्यात नोकरीस होते. १८७४ साली त्यांचा विवाह कल्याणच्या नऊ वर्षांच्या यमुनेशी झाला. तीच पुढे डॉ. आनंदीबाई जोशी. स्त्रीच्या हाती पुस्तक दिसणे हाच अपराध मानला जाई, त्या काळात गोपाळरावांनी लोकनिंदा सोसून पत्नीस शिकविले. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला व तो अवघ्या दहा दिवसांत गेला. त्या दुःखातूनच वैद्यकविद्या शिकण्याचा त्यांचा निश्चय दृढ झाला. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून पतीविना अमेरिकेस निघाल्या. १८८५ मध्ये गोपाळराव तेथे पोहोचेपर्यंत पती-पत्नींमध्ये दुवा होता तो केवळ पत्रांचा.

या पत्रांत कृतज्ञता आहे, तशीच एक कठोर आठवणही आहे. दहा वर्षांच्या वयात पतीने लाकडाच्या तुकड्यांनी केलेली मारहाण, अंगावर फेकलेल्या खुर्च्या व पुस्तके, बाराव्या वर्षी सोडून जाण्याची दिलेली धमकी, हे सारे आनंदीबाईंनी शांतपणे लिहिले. आपणांस मिळालेली वागणूक बरी की वाईट याचा निवाडा करणे कठीण आहे, असेही त्यांनी नमूद केले. ज्या हाताने अक्षरे गिरवावयास शिकविली त्याच हाताचा मारही त्या अक्षरांनी नोंदविला. समोरासमोर जे बोलणे त्या काळच्या स्त्रीस शक्य नव्हते, ते सातासमुद्रापलीकडून कागदावर उतरले.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली. परंतु क्षयाने देह पोखरला होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या अस्थी अमेरिकेतील कार्पेंटर मावशींकडे गेल्या व तेथील कौटुंबिक दफनभूमीत विसावल्या. गोपाळरावांजवळ उरली ती पत्रे.

पुढे काशीबाई कानिटकर यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले. त्यात या पत्रव्यवहाराचा आधार घेतला गेला. म्हणूनच आज आनंदीबाई केवळ ‘पहिल्या स्त्री-डॉक्टर’ म्हणून नव्हे, तर विचार करणाऱ्या, दुखावलेल्या आणि तरीही कृतज्ञ राहिलेल्या स्त्री म्हणून ओळखता येतात. पतीस अडचणीची ठरणारी अक्षरेही टिकली, यातच त्या स्मृतीचे खरेपण आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी दिवंगत पतीची वा पत्नीची पेटी मिटलेली असेल, त्यांनी ती एकदा उघडावी. पत्रे तारीखवार लावावीत, वाळवीपासून जपावीत. काय जगासमोर आणावे व काय घरातच ठेवावे, हे कुटुंबाने ठरवावे. परंतु टोचणारे पान म्हणून ते फाडू नये. नावे बाजूचे पान काढून टाकले तर चोपडी खरी राहत नाही.

आणि ज्यांचा जोडीदार आज शेजारी बसला आहे, त्यांच्यासाठी या पत्रांचा सांगावा याहून मोठा आहे. गेलेल्या माणसाच्या पत्राचे उत्तर देता येत नाही. जे विचारावयाचे, जे मान्य करावयाचे, ते त्याच्या हयातीतच करावे.