एका खाड्याची किंमत



या कोळगावात आम्ही आजवर अनेकदा आलो. २०२१च्या ऑगस्टात जिल्ह्याच्या कचेऱ्या येथील नव्या इमारतींत आल्या, तेव्हापासून तर तेथल्या पायऱ्या आम्हांस पाठ झाल्या आहेत. परंतु दर खेपेस हातात अर्ज असे. व्याख्यान घेऊन आलो तो आज प्रथमच. अर्जाला उत्तर मिळाले नाही तरी निदान पोच मिळते. व्याख्यानाची पोच कोणाकडून घ्यावयाची, हे चालक मंडळींनी आम्हांस सांगितलेले नाही. असो.

आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या फाटकांवर, आणि रात्री खोलीवर उसन्या आणलेल्या पुस्तकांतून. तेव्हा वैद्यकशास्त्रावर आम्ही काही सांगू लागलो तर डॉक्टर मंडळींनी आमचा कान धरावा. पण ‘महासाथीत वेळेवर औषधोपचार’ हा जो विषय आम्हांस दिला आहे, तो निम्मा वैद्यकाचा आणि निम्मा हजेरीपटाचा आहे. हजेरीपट मात्र आम्ही तीस वर्षे वाचीत आलो आहोत.

साथीत माणूस दवाखान्यात उशिरा का जातो? या प्रश्नाची शहाण्या लोकांकडून चार उत्तरे मिळतात: अज्ञान, अंधश्रद्धा, भीती आणि बेफिकिरी. चारही खरी आहेत. नाहीत असे आम्ही म्हणत नाही. पण आमच्या अनुभवात एक पाचवे कारण आहे आणि ते या चौघांना खांद्यावर घेऊन चालण्याइतके दांडगे आहे. त्याचे नाव खाडा. ज्यांना महिन्याचा पगार ठरलेला मिळतो त्यांच्यासाठी सांगतो: कामावर न गेलेल्या दिवशी हजेरीपटावर जी फुली पडते तो खाडा. ती फुली एका दिवसाची रोजी खाते आणि पुष्कळदा तेवढ्यावर थांबत नाही.

आमच्या युनियनचा एक सभासद होता. नाव सांगत नाही. त्याची मुले याच तालुक्यात शिकत आहेत. रासायनिक कारखान्यात रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर, कायम नोकरीतला, वय ४७. हसतमुख गडी. महासाथीचे पहिले वर्ष त्याने निभावून नेले. १ एप्रिल २०२१ पासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. आम्ही फाटकावर उभे राहून एकेकाला विचारीत होतो. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, टोचल्यावर ताप येतो म्हणतात. महिनाअखेर होऊ दे, मग घेतो.” आम्ही बरे म्हटले. त्या ‘बरे’ शब्दाकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

लसीचा ताप यायचा राहिला, दुसराच आला. पाळीवर जाण्यापूर्वी पॅरासिटामॉलची गोळी घ्यावी, म्हणजे फाटकावरचा पहारेकरी कपाळाला पिस्तुलासारखे जे यंत्र लावी त्यात ताप दिसत नसे. ही युक्ती त्या दिवसांत वसाहतीत सर्वांना ठाऊक होती. तीन पाळ्या त्याने अशा काढल्या. पाचव्या दिवशी रिअ‍ॅक्टरची लोखंडी शिडी अर्धी चढून तो मध्येच बसला. जोडीदाराने खिशातले यंत्र त्याच्या बोटाला लावले; प्राणवायूचा आकडा ८६. निरोगी माणसाचा हा आकडा ९५च्या पुढे असतो. मग पालघर, बोईसर, विरार अशी खाटेसाठी धावाधाव झाली. तो एप्रिल ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. नवव्या दिवशी तो गेला.

त्याला कोणी अज्ञानी म्हणेल काय? लक्षणे त्याला ठाऊक होती. तो कोणा भगताकडे गेला नव्हता. भीती म्हणाल तर ती होती, पण रोगाची नव्हे. मग कशाची? ते सांगण्याआधी थोडे मागे जाऊ, कारण ही गोष्ट आपल्या मुंबई इलाख्याला नवी नाही.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढल्या जानेवारीत हाफकिन साहेबांनी मुंबईतच लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली. म्हणजे निदान वेळेवर झाले आणि लसही वर्षाच्या आत हाती आली. तरीही माणसे रोगी लपवीत होती. का? रोगी सापडला की त्याला उचलून नेत, घरातले सामान जाळीत आणि घरच्यांची पांगापांग होई. पुण्यात तर गोरे शिपाई घरांत शिरले आणि त्याचा शेवट २२ जून १८९७च्या रात्री रँडसाहेबावरच्या गोळीत झाला, हे आपण शाळेत शिकतो. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करताना प्लेगनेच गेल्या, हे शाळेत आता आता सांगू लागले आहेत. आणि त्याआधी एक महिना, फेब्रुवारीत, मुंबईत प्लेगने नारायण मेघाजी लोखंडे गेले, हे मात्र अजून फारसे कोणी सांगत नाही.

हे लोखंडे म्हणजे आम्हां युनियनवाल्यांचे मूळ पुरुष. गिरणीकामगारांना रविवारची सुटी १८९० साली मिळाली ती त्यांच्या खटपटीने. परंतु आमचे लक्ष त्याहून जुन्या एका कागदावर खिळते. १८८४ साली त्यांनी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा जो अर्ज केला, त्यात सुटीच्या आणि जेवणाच्या वेळेच्या मागण्यांबरोबर आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा. वाफेच्या इंजिनाच्या काळात त्या गृहस्थांना कळले होते की, दुखणेकऱ्याला औषधाइतकीच रोजीची गरज असते. आणि एवढे कळलेला माणूस पुढे रोग्यांची सेवा करता करता साथीतच गेला.

१९१८च्या इन्फ्लुएंझातही तेच. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याचे पोलीस शिपाई प्रथम आजारी पडले, मग गोदीकामगार, मग गिरण्या. त्या वर्षी मुंबईत दर हजारी मृत्यू युरोपीय लोकांत आठाच्या थोडे वर, पारशी समाजात नऊ, आणि सरकारी कागदांनी ज्यांना ‘खालच्या जातींचे’ म्हटले त्यांच्यात एकसष्टाच्या वर! जंतू तर एकच होता. फरक होता तो खोलीत किती माणसे निजतात याचा, आणि ताप आल्यावर निजून राहणे कोणाला परवडते याचा.

आता ‘वेळेवर’ या शब्दाबद्दल. वेळेवर म्हणजे नुसते लौकर, अशी आमचीही समजूत होती. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी ती दुरुस्त केली. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या इस्पितळांतल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष बाहेर आला. डेक्सामेथासोन नावाचे जुने, स्वस्त, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे औषध. ते दिल्याने कृत्रिम श्वासाच्या यंत्रावरील रोग्यांचे मृत्यू एकतृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्यांचे एकपंचमांशाने घटले. पण ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना त्याचा काही फायदा आढळला नाही. मग आमच्याकडे काय झाले? चिठ्ठी पाहून पहिल्या दिवसापासून ते खाणारे निघाले. त्याने साखर चढली, आणि २०२१च्या उन्हाळ्यात ज्या काळ्या बुरशीने लोकांचे डोळे नेले तिला मधुमेही शरीरात आयते रान मिळाले. एकच गोळी मंगळवारी नुकसान करते आणि पुढच्या मंगळवारी जीव वाचवते. मधल्या दिवसांत माणसावर कोणाची तरी नजर हवी: बोटाला यंत्र लावणारी, सहा मिनिटे चालवून पुन्हा आकडा पाहणारी. ‘घरी पडून राहा आणि लक्ष ठेवा’ हा सल्ला ज्याला घरी पडून राहता येते त्याच्याच कामाचा.

भगताचा उल्लेख वर आला, तेव्हा त्याच्याविषयीही दोन शब्द बोलू. आमच्या आदिवासी बांधवांना यावरून पुष्कळ टोमणे ऐकावे लागतात. पण पाहा: सरकारी दवाखान्याची मुख्य ओपीडी सकाळची. पहिल्या पाळीचा मजूर त्या वेळी यंत्रापाशी, बाई बागेत नाहीतर वीटभट्टीवर. भगत भेटतो संध्याकाळी, अंगणात, आणि त्याच्याकडे जायला खाडा पडत नाही. नाक्यावरचा पाटीविना डॉक्टरही रात्री दहापर्यंत बसतो. या दोघांकडून आरोग्यखात्याने निदान वेळापत्रक तरी शिकावे, असे आम्ही एका बैठकीत म्हटले. लोक हसले. आम्ही विनोद केला नव्हता.

लसीचेही तेच झाले. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली, पण आधी फोनवर नाव नोंदवणे सक्तीचे. जागा उघडल्या की काही क्षणांत संपत. मग शहरातल्या मोटारी आमच्याकडच्या ग्रामीण केंद्रांवर येऊ लागल्या आणि गावचा माणूस बांधावरून पाहत राहिला. त्या शहरवाल्यांना आम्ही दोष देत नाही. जीव सर्वांनाच प्यारा. २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदवण्याची परवानगी आली तेव्हा जरा वाट मोकळी झाली. तोवर ‘लस आपल्यासाठी नाहीच’ असे म्हणता म्हणता कित्येकजण ‘लस नकोच’ असे म्हणू लागले होते. ही दुसरी बोली पहिलीतून निघाली, हे वर्तमानपत्रांत फारसे आले नाही.

आता पुन्हा आमच्या सभासदाकडे. ईएसआयची वर्गणी भरणाऱ्याला आजारपणात मजुरीच्या ७० टक्के, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळावेत अशी १९४८च्या कायद्याखालची तरतूद त्या काळी होती. मोठी चांगली सोय. कित्येक घरे तिने तारली. पण तिच्यात एक मेख होती. नव्या दुखण्याच्या पहिल्या दोन दिवसांचे काही मिळत नसे. खोटी आजारपणे आटोक्यात ठेवण्यासाठी ती योजना असावी, असे आम्ही समजतो. परंतु साथीच्या रोगात पहिले दोन दिवस म्हणजे काय? माणूस खोकत असतो, इतरांना रोग देत असतो, आणि तपासणीला जाण्याची खरी वेळ तीच असते. नेमके तेच दोन दिवस त्याच्या पदरचे.

तरीही दोन दिवसांची मजुरी त्याला जड नव्हती. जड होते ते हजेरी बक्षीस. महिन्यात एकही खाडा नसेल तर ७५० रुपये. एक जरी पडला तरी सगळे गेले. महिनाअखेरपर्यंत तो थांबला होता, तो या बक्षिसासाठी. आणि हे बक्षीस कोणी मिळवून दिले? आम्ही. २०१९च्या करारात ते आम्ही ३०० वरून ७५० वर नेले. करार झाला त्या दिवशी फाटकावर गुलाल उधळला, आणि त्यात तोही होता.

एवढ्यावर भागले असते तर बरे. दिवाळीनंतर त्याच्या पत्नीबरोबर आम्ही हिशेबाच्या कामासाठी कारखान्यात गेलो. कारखान्याचे नाव घेत नाही, घेण्याचे कारणही नाही. असे पुष्कळ आहेत. कारकुनाने फाइल उघडली, तिच्यात वार्षिक आरोग्यतपासणीचे तीन कागद होते. धोकादायक कामावरच्या माणसांसाठी दरवर्षी गाडी येते, रक्त काढतात, वजन करतात, कानात बॅटरी मारतात. तिन्ही वर्षी रक्तातली साखर वाढलेली. दर वर्षी मागल्यापेक्षा जास्त. वहिनींनी विचारले, “हे यांना ठाऊक होतं?” कारकून म्हणाला, कागद फाइलला लावतात, कामगाराला देण्याची पद्धत नाही.

त्या वेळी आमच्या मनात काय आले ते येथे सांगणे सोपे नाही. २०१९च्या आमच्या मागणीपत्रात अकराव्या क्रमांकावर एक मागणी होती: तपासणीचा अहवाल कामगाराच्या हाती, मराठीत, पंधरा दिवसांत द्यावा. बोलणी अडली तेव्हा बक्षिसाचे ७५० पदरात पाडून घेण्यासाठी आम्ही ती सोडली. मागणी सोडावी लागते. बोलणी म्हणजे तेच. पण अकरावी सोडताना आम्हांस क्षणभरही वाईट वाटले नव्हते, आणि सभेत कोणी विचारलेही नाही. रुपये सांगितले की टाळी पडते. साखरेच्या कागदाला कोण टाळी देणार? मालकाला बोल लावण्याचा आमचा धंदाच आहे, पण त्या दिवशी वहिनींपुढे आमची जीभ उचलली नाही. “बरे” म्हणून आम्ही त्याला फाटकातून आत सोडला होता.

पुढल्या कराराला आम्ही अकरावी मागणी पहिली केली. तरुण पोरे रागावली. बोनस मागे पडतो म्हणाली. पंधरा महिने बोलणी चालली. शेवटी मिळाले ते असे: वैद्यकीय दाखला असेल तर महिन्यातून तीन दिवसांपर्यंतचा खाडा हजेरी बक्षिसाआड येणार नाही, लसीच्या दुसऱ्या दिवसाची भरपगारी रजा, आणि तपासणीचा कागद हाती. रुपयांत पाहाल तर हा आमचा गेल्या वीस वर्षांतला सर्वांत कमी वाढीचा करार. तोही एका कारखान्यात. ठेकेदाराच्या माणसांना तो अजून लागू नाही, आणि वसाहतीत निम्मी कामे त्यांच्याच हातची आहेत. त्यांच्यासाठी केलेला अर्ज येथून चालत जाण्याजोग्या अंतरावर, या कोळगावातच, एका टेबलावर पडून आहे. उद्या सकाळी त्याचीच चौकशी करून आम्ही बोईसरला परतणार.

पहिल्या खेपेचे कागद वाटले तेव्हा आम्ही फाटकावर होतो. पॅकिंगमधल्या एक ताई कागद उलटा धरून आल्या, मग सुलटा केला, आणि एका आकड्यावर बोट ठेवून विचारले, “भाऊ, हा एवढा म्हणजे जास्त का?” आम्ही म्हटले, आम्ही सातवी शिकलेले, ते डॉक्टरांना दाखवा. त्या म्हणाल्या, “मग उद्याच जाते. फुली पडली तरी आता बक्षीस जात नाही ना?” आम्ही म्हटले, जात नाही. त्यांनी पुन्हा विचारले, “नक्की ना?” तेव्हा आम्ही पिशवीतून कराराची प्रत काढली आणि ते कलम त्यांना वाचून दाखवले.