आमच्या गटाची मारुती

मागच्या वेळी बियाण्याबद्दल बोललो, आज गाडीबद्दल बोलू या. हसू नका. आमच्या गटाकडे एक मारुती ८०० आहे, पांढरी, २००७ सालची. मसाला-पापड घेऊन दर मंगळवारी बाजाराला जाते. तिचं पुढं काय करायचं यावर सध्या गटात दोन तट पडलेत. म्हणून म्हटलं, आधी तिची कुळकथा सांगावी.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी रस्त्यावर गाड्या म्हणजे मुख्यतः दोनच. पश्चिम बंगालात बनणारी अँबेसेडर आणि आपल्या मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, जिला पुढं पद्मिनी म्हणू लागले. पैसे भरूनही वर्षानुवर्षं नंबर लागायचा नाही. लहान, स्वस्त गाडी देशात व्हावी हे संजय गांधींनी घेतलेलं काम, पण त्यांच्या हयातीत ते जमलं नाही. १९८० साली ते विमान अपघातात गेले. मग सरकारनं १९८१ मध्ये मारुती उद्योग ही कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी जपानच्या सुझुकीशी करार केला. कारखाना दिल्लीजवळ गुडगावला.

नोंदणीसाठी दहा हजार रुपये आगाऊ भरायचे होते, तरी लाखावर लोकांनी भरले! १४ डिसेंबर १९८३ ला, म्हणजे संजय गांधींच्या जन्मदिवशी, पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिली. गाडीची किंमत साडेसत्तेचाळीस हजारांच्या आसपास. गंमत अशी, की आम्ही आमची जुनी गाडी २०१७ मध्ये पंचेचाळीस हजारांना घेतली.

ही गाडी लोकांना का आवडली? इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं, म्हणून पेट्रोल कमी. आणि इंजिनाची ताकद पुढच्याच चाकांना. जुन्या गाड्यांत मागच्या चाकांपर्यंत लोखंडी दांडा जायचा, तो इथं नाही. त्यामुळं बाहेरून एवढीशी, पण आत चार माणसं नीट बसतात. आमच्या गाडीत तर पाचवी बाई आणि दोन पाट्याही बसतात, ते आरटीओला सांगू नका. दोष म्हणाल तर चाकं बारा इंची. आमच्या पाणंदीत पोट घासतं.

घेताना खरं भांडण पैशावरून झालं नाही. पैसे गटाच्या अंतर्गत कर्जातून उभे राहिले. भांडण झालं नावावरून. "आरसी बुकावर कुणाच्या तरी मालकाचं नाव घाला, बायकांना कागदाची कटकट कशाला?" असं घरोघरी ऐकलं. आम्ही सचिव ताईंचं नाव घातलं आणि गाडी गटाची आहे असा ठराव लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मग आम्ही तिघी चालवायला शिकलो. पहिल्या महिन्यात एका गोठ्याची भिंत पाडली, ती भरूनही दिली. आणि त्याच वर्षी पावसाळ्यात आमच्यातल्या एकीच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या, तेव्हा गाडी होती आणि चालवणारी घरातच होती. कुणाच्या दारात किल्ली मागायला जावं लागलं नाही.

कंपनीनं ही गाडी बनवणं जानेवारी २०१४ मध्ये थांबवलं. तोवर पंचवीस लाखांहून जास्त विकल्या होत्या. त्यामुळं सुटे भाग अजून तालुक्याला मिळतात, आणि बहुतेक मिस्त्रींचे हात हिच्यावर बसलेत.

आता अडचण ऐका. पंधरा वर्षं भरली तेव्हा पर्यावरण कर भरून, गाडी तपासून घेऊन नोंदणी पाच वर्षांनी वाढवली. ती मुदत पुढच्या वर्षी संपते. खालचा पत्रा गंजलाय. निम्म्या जणी म्हणतात, भंगारात द्या आणि मालाचा टेम्पो घ्या. आमचं मत विचाराल तर टेम्पो यावा, पण त्याच्या कागदावरही बाईचंच नाव असावं. शुक्रवारी बैठक आहे. मिस्त्रीला त्याआधी गाडी दाखवणार आहोत, तो पत्र्याचं काय सांगतो ते बघून हात वर करू.