श्वासाची परीक्षा

विरारजवळच्या फुलपाड्यास मी राहातों. सकाळीं पापडखिंड धरणाच्या बाजूस फिरावयास जाणें, हा सेवानिवृत्तीनंतरचा माझा नेम. तीन वर्षांपूर्वीं जीवदानीच्या पायऱ्या चढतांना मला मध्येंच बसावें लागलें. ‘वय झालें,’ असें मीं कुटुंबास सांगितलें. वर्गांत व्यसनांविरुद्ध निबंध लिहविणाऱ्या या मास्तरानें खिशांतील विडीच्या बंडलाचा उल्लेख मात्र केला नाहीं.

छातीच्या डॉक्टरांनीं मला एका लहानशा यंत्रांत एकाच संथ वेगानें फुंकावयास लावलें. सुई नाहीं, घशांत नळी नाहीं. आपल्या उच्छ्वासांत नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु अत्यल्प प्रमाणांत असतो, हें स्वीडनमधील संशोधकांनीं १९९१ सालीं दाखविलें. दम्याच्या रोग्यांत तो वाढलेला असतो, हेंही तेथेंच १९९३ सालीं दिसून आलें. तो अब्जांशांत मोजतात. प्रौढांत २५ च्या खालीं कमी, ५० च्या वर जास्त. माझा आंकडा आला ९. परीक्षेंत पहिला आल्यासारखा मी हंसलों!

डॉक्टर हंसले नाहींत. “मास्तर, विडी चालू आहे ना?” एवढेंच त्यांनीं विचारलें.

विडी-सिगारेटच्या धुरानें हा वायु घटतो. म्हणून ओढणाऱ्याचा आंकडा कमी आला तरी त्याची श्वासनलिका निरोगी ठरत नाहीं. कोऱ्या उत्तरपत्रिकेंत चूक सांपडत नाहीं, तसेंच हें.

मग मला खारट पाण्याचा सूक्ष्म फवारा हुंगावयास दिला, खोकून बेडका काढविला आणि त्यांतील पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं मोजल्या. इओसिनोफिल पेशी पुष्कळ असल्या तर स्टेरॉइडचा गुण येण्याचा संभव अधिक. माझ्या बेडक्यांत न्यूट्रोफिल पेशींची दाटी होती. धुरानें जीर्ण झालेल्या फुप्फुसांत बहुधा तीच आढळते. या खुणांवरून सुजेची जात कळते, सी. ओ. पी. डी. चें निदान मात्र स्पायरोमीटरवर जोरानें फुंकूनच होतें. माझें तसेंच झालें.

विडी मीं त्याच आठवड्यांत सोडली. सूज इतकी आज्ञाधारक नाहीं; धूर थांबला तरी ती वर्षानुवर्षें रेंगाळते.

आणखी एक गोष्ट. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनीं पीटर बार्न्स यांच्यासह २००९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें धूम्रपान न करणाऱ्यांच्या याच विकारावर लेख लिहिला. त्यांत चुलीच्या धुराचें कारण ठळकपणें मांडलें आहे. आमच्या कुटुंबानें विडीस कधीं हात लावला नाहीं. पण लांकडांच्या चुलीपुढें तिचीं वीस वर्षें गेलीं, आणि तिचा खोकला आम्हीं घरांत कोणीं मोजलाच नाहीं. येत्या सोमवारीं मी तिला घेऊन जाणार आहें.