ग्रीकांचे नददेव



ग्रीक पुराणकथा म्हटल्या की ऑलिम्पस पर्वत आठवतो, झ्यूस आठवतो, समुद्राचा स्वामी पोसायडन आठवतो. पण ग्रीक शेतकऱ्याचा रोजचा संबंध यायचा तो शिवाराला लागून वाहणाऱ्या देवाशी. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

इ. स. पू. ७०० च्या सुमारास हेसिअड नावाच्या कवीने देवांची वंशावळ रचली. तीत पृथ्वीला वेढून वाहणारा ओकिअनस आणि त्याची पत्नी टेथिस यांना ३००० मुली आहेत आणि तितकेच मुलगे. हे मुलगे म्हणजे नद्या. आपण कृष्णामाई म्हणतो. ग्रीकांना मात्र नदी पुरुष दिसली आणि झऱ्यांत तरुण अप्सरा दिसल्या. सगळ्या नद्यांची नावं कुणाला सांगता येणार नाहीत, पण काठावरच्या लोकांना आपापली नदी ठाऊक असते, असं हेसिअड सांगतो. ग्रीक नददेवाचं मर्म मला इथेच सापडतं. हा देव गावचा आहे. त्याची सत्ता त्याच्या पाण्यापुरती, म्हणून त्याच्याशी नातंही शेजाऱ्याचं: देणंघेणं आहे, मानपान आहे आणि वेळ आली तर भांडणही.

आधी देणंघेणं पाहू. हात धुऊन, प्रवाहाकडे पाहत प्रार्थना केल्याशिवाय नदी ओलांडू नये, झऱ्यात लघवी करू नये, हे नियम हेसिअडनेच घालून दिले. ट्रॉयच्या युद्धातला वीर अकिलीझ, त्याच्या बापाने स्पर्खिओस नदीला नवस केला होता: मुलगा युद्धाहून सुखरूप परतला की त्याचे केस आणि ५० मेंढे तुला वाहीन. आपण परतणार नाही हे कळलेल्या अकिलीझने ते केस मित्राच्या चितेजवळ कापून त्याच्या हातात ठेवले.

अथेन्सच्या संग्रहालयात इ. स. पू. ४०० च्या आसपासची एक कोरीव शिळा आहे. झेनोक्रेतिया नावाच्या बाईने ती आपल्या मुलाच्या जडणघडणीसाठी केफिसोस नदीला अर्पण केली. शिळेवर देवांची दाटी आहे. त्यात ती उभी आहे आणि समोर तिचा छोटा मुलगा देवाकडे हात उंचावतो आहे. एका कडेला माणसाच्या तोंडाचा बैल आहे. तो अखेलोस, ग्रीसमधला नामांकित नद.

आता भांडण. ‘इलियड’ या महाकाव्याच्या २१ व्या सर्गात अकिलीझ इतकी माणसं मारतो की स्कामांडर नदीचं पात्र प्रेतांनी तुंबतं. नदी आधी समजावते, मग उसळून त्याच्या मागे लागते. शेवटी अग्निदेव हेफेस्टस पाणी उकळवतो, तेव्हा कुठे ती माघार घेते.

मानपानाचंही एक उदाहरण: झ्यूसची पत्नी हेरा आणि पोसायडन यांच्यात आर्गोसच्या भूमीवरून वाद झाला, तेव्हा पंच म्हणून इनाखोस आणि आणखी दोन नद्या बसल्या. निकाल हेराच्या बाजूने लागला आणि चिडलेल्या पोसायडनने पंचांचंच पाणी आटवलं. त्या नद्यांना फक्त पावसानंतर पाणी का असतं, याचं हे उत्तर प्रवासवर्णनकार पॉसेनिअसने इ. स. च्या दुसऱ्या शतकात नोंदवलं आहे.

अखेलोसची कथा मात्र सगळ्यांत बोलकी. डिआनिरा या राजकन्येसाठी त्याने बैलाचं रूप घेऊन महाबली हेराक्लीझशी झुंज घेतली आणि एक शिंग गमावलं. स्ट्रेबो हा भूगोलकार यामागचा एक अर्थ देतो. ही नदी इटोलिया आणि अकर्नेनिया यांच्या सीमेवरची. पुरात हद्दीच्या खुणा वाहून जायच्या आणि दोन्हीकडचे लोक लढायचे. हेराक्लीझने बांध घातले, चर खणले आणि प्रवाह आवरला. मोडलेलं शिंग म्हणजे पाण्याखालून मिळालेली सुपीक जमीन. बैल का? पाण्याची डरकाळी आणि शिंगांसारखी वळणं, म्हणून.

नदी आवरण्याचा वाद जुना झालेला नाही. अखेलोसचं पाणी डोंगरापलीकडे थेसलीच्या मैदानात वळवण्याची योजना ग्रीसमध्ये अनेक दशकं गाजली, वारंवार न्यायालयात गेली आणि २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली. पुराणातल्या वादात नदी स्वतः पक्षकार होती, एवढाच फरक. तिथे अखेलोस हरला. पण अपोलोडोरसच्या नावावरच्या पुराणकथांच्या ग्रंथानुसार, अमाल्थिया नावाच्या स्त्रीचं अक्षय समृद्धीचं शिंग मोबदल्यात देऊन त्याने आपलं शिंग सोडवून घेतलं. नदीला जिंकल्यावरही तिच्याशी तडजोड करावी लागते, हे ग्रीकांनी कथेतच लिहून ठेवलं आहे.