परदेशात अख्खं घर भाड्याने घेताना

मागच्या कार्यक्रमानंतर दोन-तीन ग्रामसंघांकडून निरोप आले. सगळ्यांचं विचारणं एकच. तुम्ही अकराजणी श्रीलंकेला जाऊन आलात, हॉटेलात न उतरता डोंगरातलं अख्खं घर भाड्याने घेतलंत म्हणे, ते कसं निवडलंत? आज तेवढंच बोलू. काय काय पाहिलं ते पुन्हा कधीतरी.

पैशाचं आधी सांगून टाकतो, कारण पहिली शंका तिथेच येते. गटाच्या बचतीला किंवा फिरत्या निधीला आम्ही हात लावला नाही. सहलीसाठी वेगळी भिशी होती, महिना १,५०० रुपये, तीन वर्षं. प्रत्येकीचे ५४,००० झाले. विमान, परवानगी, गाडी, राहणं, जेवण, सगळं त्यातच बसवायचं होतं. कोणाच्याही घरून एक रुपया जास्त येणार नव्हता.

जायचं ठरलं नुवारा एलियाला. श्रीलंकेच्या मधोमध चहाच्या मळ्यांचा डोंगराळ मुलूख आहे, तिथलं हे गाव. समुद्रसपाटीपासून १,८६८ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून पाचशे मीटर उंच. जवळच सीता एलिया म्हणून जागा आहे, तिथे सीतेचं देऊळ आहे. आमच्यातल्या निम्म्याजणी त्या देवळासाठीच तयार झाल्या होत्या, हे कबूल करायला हरकत नाही. या भागात १८६७ साली जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने कँडीजवळ चहाचा पहिला व्यापारी मळा लावला. पुढे मळे वाढले आणि साहेबांनी राहायला बंगले बांधले. त्यातले बरेच बंगले आणि नवी बांधलेली घरं आता पाहुण्यांना भाड्याने देतात. अकराजणींना हॉटेलच्या सहा खोल्या घेण्यापेक्षा असं घर स्वस्त पडतं. शिवाय रात्री सगळ्यांना एकत्र बसता येतं, मोठ्याने हसता येतं.

मग सुरू झालं फोटो बघणं. प्रत्येकीच्या मोबाईलवर वेगळं घर. हिरवळ, झोपाळा, शेकोटी. दोन बैठका यातच गेल्या. ज्या नेहमी बोलतात त्याच बोलत होत्या आणि ज्या गप्प बसतात त्या ‘तुम्ही ठरवाल ते’ म्हणत होत्या. कर्जाच्या बैठकीतही हे असंच चालतं, तुम्हाला माहीत आहे. ‘तुम्ही ठरवाल ते’ म्हणणारीला अडचण नसते असं नाही, ती सांगायला तिला लाज वाटते.

म्हणून तिसऱ्या बैठकीत फोटो बंद केले आणि चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचं नाही. ‘घरात कोणती एक गोष्ट नसेल तर मला तिथे राहता येणार नाही’ एवढंच लिहायचं. लिहिता न येणाऱ्या दोघींच्या चिठ्ठ्या कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने बाहेर ओटीवर बसून लिहून दिल्या.

चिठ्ठ्या उघडल्या आणि बैठक शांत झाली. एकीने लिहिलं होतं, जिना चढता येत नाही. दुसरीने, रात्री तीनदा उठावं लागतं, संडास खोलीला लागून हवा. तिसरीने, परक्या बाईबरोबर एका पलंगावर झोप येत नाही. माळकरी मावशींची चिठ्ठी न सांगता ओळखू आली: मासळीच्या भांड्यात शिजवलेलं चालणार नाही. एकीने लिहिलं होतं, ‘ठरलेल्यापेक्षा पाचशे जरी वाढले तरी मला नका धरू.’ आणि चार चिठ्ठ्यांवर, शब्द वेगळे पण मजकूर एकच: तिथे जाऊन स्वयंपाक करायचा असेल तर मी घरीच बरी.

पुढचं सगळं या अकरा चिठ्ठ्यांवर ठरलं.

स्वयंपाकाचं घेऊ. परदेशातल्या बऱ्याच भाड्याच्या घरांत ‘स्वयंपाकघर सुसज्ज’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ चूल आहे, तुम्ही रांधा. अकरा बायका गेल्या की काय होणार ते सांगायला नको. तिघी-चौघी पहाटे उठून चहा-नाश्त्याला लागणार, बाकीच्या संकोचाने मदतीला येणार, आणि चार दिवस भांडी घासून परत. श्रीलंकेत एक सोय चांगली आहे. तिथल्या बंगल्यांना स्वयंपाकी आणि राखणदार असण्याची जुनी रीत आहे. काही घरांत स्वयंपाक्याचा पगार भाड्यात धरलेला असतो आणि किराणा-भाजीचा खर्च आपण द्यायचा. काही ठिकाणी माणशी ताटाचा दर असतो. हे आधी नीट विचारून घ्यावं लागतं.

आमच्यापुढे शेवटी दोन घरं उरली. एकाचं भाडं आपल्या पैशात रात्रीला १६,००० पडत होतं, स्वयंपाकी नाही. दुसऱ्याचं १९,८००, स्वयंपाक्यासकट. पहिलं सगळ्यांना स्वस्त वाटलं. माणशी हिशेब मांडला तर एकात १,४५५ आणि दुसऱ्यात १,८००. चार रात्रींचा फरक माणशी १,३८० च्या आसपास. पहिल्या घरात राहून दोन वेळा गाडी करून गावात जेवायला गेलो असतो तर यापेक्षा जास्त गेले असते. ‘पाचशेही वाढवू नका’ लिहिणारीला हे गणित पाटीवर मांडून दाखवलं, तेव्हा तिनेच दुसऱ्या घराला पहिला हात वर केला.

किंमत विचारताना एक शब्द सोडू नका: ‘सगळं धरून किती?’ श्रीलंकेत बिलावर १० टक्के सेवा आकार लावायची पद्धत आहे आणि २०२४ पासून व्हॅट १८ टक्के आहे. दोन्ही लागू असतील आणि किमतीत धरलेले नसतील तर शंभराचे जवळजवळ एकशे तीस होतात. थंडीच्या गावात शेकोटीचं लाकूड, खोलीतला हीटर यांचे पैसे वेगळे घेणारी घरंही असतात. मालकाने तिथल्या रुपयांत किंमत सांगितली की घाबरू नका, आपल्या एका रुपयाला तिथले तीनाहून जास्त मिळतात. पण किंमत रुपयांत आहे की डॉलरमध्ये, हे लिहून घ्या.

आता झोपण्याचं. ‘बारा माणसांची सोय’ म्हणजे बारा पलंग नव्हेत. त्यात दिवाणखान्यातला सोफा धरतात आणि दोघांचा एक पलंग धरतात. म्हणून खोलीवार विचारलं. या खोलीत पलंग किती, एकेरी की जोड, मोरी-संडास आत की बाहेर, खाली की माडीवर. खाली दोन खोल्या आहेत आणि एकीला संडास लागून आहे हे कळल्यावर गुडघेवाल्या काकूंचा प्रश्न सुटला. गरम पाणी एका वेळी किती मिळतं तेही विचारा. अकराजणींच्या अंघोळीत टाकी संपते आणि तिथे सकाळी पाणी हात कापतं. बादली-तांब्या आहे का, कपडे वाळत घालायला आडोसा आहे का, पाळीच्या दिवसांत कचरा कुठे टाकायचा, हेही विचारलं. हे विचारायला लाजू नका. आमच्या मालकाने काही खळखळ न करता उत्तरं दिली, बादल्या नव्हत्या त्या आणून ठेवल्या.

फक्त बायकांचं घर म्हटल्यावर आणखी दोन गोष्टी. प्रत्येक खोलीला आतून कडी हवी. राखणदार रात्री कुठे झोपतो, आवारात आणखी कोण राहतं, हे माहीत हवं. फाटकापासून दारापर्यंत दिवा आहे का तेही पाहावं.

आणि गाडीचा ड्रायव्हर. हा प्रश्न आपल्याला सुचतच नाही. तिथे व्हॅन ड्रायव्हरसकट चार-पाच दिवस बरोबर ठेवतात. त्याच्या झोपण्याची आणि जेवणाची सोय घराकडे आहे का हे विचारायचं असतं. नसेल तर त्याच्या खोलीचे पैसे आपल्या अंगावर येतात. चौदा माणसांची व्हॅन फाटकापर्यंत येते की खाली सोडून चालत चढायचं, हेही त्याच फोनवर विचारा.

रस्ता आणि पाऊस हा डोंगरातला खरा प्रश्न. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला कटुनायक इथे आहे. तिथून नुवारा एलियाला पोचायला पाच-सहा तास लागतात, त्यात घाट. विमान रात्री उतरणार असेल तर अंधारात घाट चढू नका. आम्ही पहिली रात्र विमानतळाजवळ नेगोंबोला काढली. त्या डोंगरांत पावसात दरडी कोसळतात, आपल्या आंबोलीच्या घाटासारख्या. तिथली राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था दरडीचे इशारे देते. घर कोणत्या उताराला आहे, पाऊस लागला तर रस्ता बंद होतो का, दुसरी वाट आहे का, आणि इशारा आला म्हणून आम्ही आलो नाही तर पैसे परत किती, हे चार प्रश्न एकदम विचारा. आम्ही फेब्रुवारी धरला, तेव्हा तिथे पाऊस कमी असतो. एप्रिलच्या मध्यावर सिंहली आणि तमिळ नववर्ष येतं, त्या दिवसांत सगळा देश थंड हवेसाठी तिकडे लोटतो. घर मिळत नाही आणि मिळालं तर भाडं चढलेलं.

आगाऊ रक्कम देण्याबद्दल जरा सावकाश ऐका. ओळखीच्या एका गटाला दलालाने सुंदर घर दाखवलं, ‘आजच पैसे भरा, दुसरे तयार आहेत’ म्हणून घाई केली. फोटो दुसऱ्याच देशातल्या घराचे निघाले. पैसे गेले ते गेले, त्या बायकांना घरी ऐकून घ्यावं लागलं ते वेगळं. म्हणून आम्ही तीन पायऱ्या ठेवल्या. फोटो गुगल लेन्समध्ये टाकून तो आणखी कुठे दिसतो का पाहिलं. घराची नोंदणी श्रीलंका पर्यटन विकास प्राधिकरणाकडे आहे का विचारलं. तिथे हॉटेलांप्रमाणेच बंगले, भाड्याची घरं आणि होमस्टे यांचीही नोंदणी होते. आणि व्हिडिओ कॉल लावून मालकाला फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत चालायला लावलं. नळ सोडून दाखवा, पलंगाची चादर उचलून दाखवा, खिडकी उघडा. अकराजणी एका फोनवर डोकी घालून बसलो होतो. जो खरा मालक आहे त्याला याचा राग येत नाही. त्यानंतर थोडीच रक्कम आगाऊ भरली, तीही बुकिंगच्या ॲपमधून, कोणाच्या खासगी खात्यावर नाही. रद्द करायची शेवटची तारीख बैठकीच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

जेवणाचं पत्र वेगळं पाठवलं. श्रीलंकेचं जेवण आपल्या कोकणाला जवळचं आहे. नारळ, भात, वरणासारखी परिप्पू, सकाळी आपल्या शिरवाळ्यांसारखे इडियाप्पम. पण तिथे उंबलकड नावाची सुकी मासळी कुटून कितीतरी भाज्यांत आणि खोबऱ्याच्या संबोलात घालतात. ती त्यांना मासळी वाटतच नाही, आपण मसाला घालतो तशी घालतात. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. ‘उंबलकड नको, भांडी वेगळी’ असं तमिळमध्ये लिहून घेतलं, कारण मळ्याच्या भागात तमिळ लोक खूप आहेत. मावशींनी घरून स्वतःचं एक पातेलं नेलंच, ते सोडा. संकष्टीही तिथेच आली, आणि आपल्या कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ तिथे चालत नाही हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

स्वयंपाक करणारी बाई मळ्यातल्या कुटुंबातलीच होती. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तमिळनाडूतून मजूर नेले, त्यांच्या नाती-पणत्या आजही चहा खुडतात. साहेबाच्या बंगल्यात आम्ही झोपलो आणि खाली ओळीने बांधलेल्या एकेका खोलीच्या चाळीत ती माणसं राहतात. तिला चार दिवसांत आमच्याकडून काय जास्तीचं काम पडेल ते बघून आम्ही भांडी विसळून ठेवत होतो. बक्षिसी माणशी शंभर धरून पहिल्याच दिवशी बाजूला काढली होती, ती तिच्याच हातात दिली, मालकाकडे नाही.

निघायच्या दिवशी राखणदाराबरोबर घरभर फिरून वस्तू मोजल्या. आल्या दिवशी आम्ही प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेवले होते. एक बशी आधीपासून फुटकी होती, ती फोटोत दिसली आणि अनामत पूर्ण परत मिळाली. तिथला रुग्णवाहिकेचा नंबर १९९० फाटकाजवळच्या फळ्यावर लिहून ठेवला होता. ही सेवा २०१६ साली भारताच्या मदतीने सुरू झाली आणि फुकट आहे. आम्हाला लागली नाही, पण जवळचं इस्पितळ किती मिनिटांवर आहे हे घर ठरवतानाच विचारून ठेवलं होतं.

मालकाला पाठवलेल्या सगळ्या प्रश्नांची यादी, मराठीत आणि इंग्रजीत, आम्ही प्रभागसंघाच्या कार्यालयात ठेवली आहे. नेपाळला जायचं म्हणणारा एक गट ती कालच घेऊन गेला. ज्यांना हवी त्यांनी बैठकीच्या दिवशी येऊन उतरवून न्यावी, आणि येताना कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन याव्यात.