पहिल्या दिवसाची लस

तायांनो, बाळंतपणाची पिशवी भरताना टोपडं, दुपटं आठवतं. कावीळ ‘ब’ची लस आठवते का? पूर्वी ती परदेशातून यायची, गरिबाला परवडायची नाही. 1997 साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती इथंच बनवली आणि किंमत उतरली. विषाणूचं एक जनुक यीस्टमध्ये घालतात, मग यीस्टच लसीचं प्रथिन तयार करतं. पाव फुगवणाऱ्या यीस्टचीच ही भावकी!

आता सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. पण आईला लागण असेल तर ती बहुधा जन्माच्या वेळीच बाळाकडे जाते, म्हणून पहिला डोस 24 तासांत हवा. माझ्या भाचीच्या बाळाचा राहिला. सुट्टी होती म्हणे; आम्हीही विचारलं नाही.

तुमच्या गटात कुणाला नववा लागलाय? तिच्या सासूलाही आजच सांगा. घरी निघताना कार्डावर नोंद बघूनच निघा.