आयसीयूतला भ्रम
आयसीयूतले आजोबा अचानक नळ्या ओढू लागले, घरच्यांना ओळखेनासे झाले, तर 'वेड लागलं' असं कृपया म्हणू नका. याला डिलिरियम म्हणतात. जंतुसंसर्ग, कमी पडलेला ऑक्सिजन, गुंगीची औषधं, मोडलेली झोप, सांगता न येणारी वेदना... आधी कारण शोधावं लागतं. गप्प, मलूल पडून असलेला रुग्णही भ्रमात असू शकतो. तो तर सहज नजरेतून सुटतो. हात बांधले की तगमग अनेकदा वाढते. हॅलोपेरिडॉल या औषधाने हा भ्रम लवकर ओसरत नाही, हे २०१८ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसलं. म्हणून भेटीला जाताना रुग्णाचा चष्मा, श्रवणयंत्र आठवणीने न्या. हात हातात घ्या, तुमचं नाव सांगा, आजचा वार सांगा. रात्री मात्र त्यांना झोपू द्या.